गोरसीचा हिशेब

थर्मामीटरचं ऐकलं तर भिलाईच्या हिवाळ्याला कडाक्याचा म्हणता येत नाही. जानेवारीत दुर्ग-रायपूर पट्ट्यातलं सरासरी किमान तापमान १२-१३ अंशांच्या आसपास असतं, एखाद्या आठवड्यात ते दहाच्या खाली उतरतं, आणि दुपारी सिव्हिक सेंटरच्या रस्त्यावर माणसं स्वेटर हातात घेऊन हिंडतात. मैदानी प्रदेशात पारा १० अंशांवर किंवा त्याखाली आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरल्याशिवाय हवामान खातं सहसा थंडीची लाट म्हणत नाही. सरगुजा-मैनपाटाकडे गवतावरचं दंव गोठतं. तिथल्या माणसाला भिलाईची थंडी म्हणजे चेष्टाच. तरी छेरछेऱ्याच्या सुमारास, पौषी पौर्णिमेला, पहाटे चार वाजता खुर्सीपार किंवा कॅम्प या वस्त्यांतल्या पत्र्याच्या खोलीत जो गारठा असतो तो खोटा नाही. इथली घरं उन्हाळ्याला भिऊन बांधलेली आहेत. वारा खेळता राहावा, उष्णता साठू नये, हीच त्यांची सगळी बुद्धी. दिवसभराचं ऊन पत्रा सूर्यास्तानंतर तासाभरात सोडून देतो. म्हणजे थंडी आहे ती थोड्या तासांची आणि थोड्या आठवड्यांची, पण त्या तासांत तिच्यापुढे भिंत अशी काही नाही. सरपण हिवाळाभर पुरवायचं कसं, हा प्रश्न इथे म्हणूनच वेगळा होतो. ढीग किती मोठा रचला यापेक्षा आग किती सावकाश चालवता आली, यावर सगळं ठरतं.

छत्तीसगढी माणसानं हा फरक दोन वेगळ्या आगींत मांडून ठेवलेला आहे. एक भुर्री: चौकात, रस्त्याच्या कडेला, पैरा म्हणजे भाताचा पेंढा, पालापाचोळा, पुठ्ठे पेटवून भोवती उकिडवं बसायचं. ती भडकते, चेहरे भाजतात, पाठ गारच राहते आणि दहा मिनिटांत राख. दुसरी गोरसी: मातीचं पसरट, जाड काठांचं भांडं. त्यात तळाशी भाताचा कोंडा नाहीतर गोवऱ्यांचा चुरा दाबून भरतात, वर चुलीतले चार निखारे ठेवतात, आणि त्यांच्यावर राखेचा पातळ थर. हवा वरून आणि तीही थोडीच, त्यामुळे कोंडा पेटत नाही, नुसता धुमसत खाली उतरत जातो. कोंड्याचा यातला वाटा मोठा आहे. त्याच्या वजनाचा पाचवा-सहावा हिस्सा राखेचा, आणि ती राख बहुतांश सिलिका. जळून गेलेला कोंडा ढासळत नाही, आपला सांगाडा तसाच धरून उभा राहतो आणि खालच्या कोंड्याला हवा बेतानं पोचू देतो. आग स्वतःच स्वतःवर झाकण घालत जाते. संध्याकाळी भरलेल्या गोरसीत पहाटे काडी घालून उकरलं तर खाली लाल निघतं. आपल्याकडे भुशाची शेगडी वापरणाऱ्या पिढीला हे ओळखीचं वाटेल. मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, बाटली अलगद फिरवत वर काढायची आणि उरलेल्या भोकातून आगीला जेवढी हवा मिळेल तेवढ्यावर सगळा स्वयंपाक उरकायचा. भुसा सैल भरला की शेगडी भसकन पेटे आणि वरण शिजायच्या आत विझे.

याच शहराच्या एका अंगाला असलेली भली मोठी आग नेमका हाच नियम पाळते, हे गमतीचं आहे. २ फेब्रुवारी १९५५ ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि दल्ली-राजहराचं लोहखनिज इथे वितळू लागलं. एवढ्या मोठ्या आगीचा पहिला नियम असा, की तिला विझू द्यायचं नाही. कोक ओव्हनच्या भिंती सिलिकाच्या विटांच्या असतात. एकदा तापल्यावर त्या थंड होऊ दिल्या तर तडकतात, म्हणून बॅटरी वर्षानुवर्षं गरम ठेवावी लागते. आणि झोतभट्टी काही कारणानं थांबवावीच लागली तर कामगार तिचं बँकिंग करतात: जादा कोक भरायचा, झोत बंद करायचा, हवा शिरण्याच्या वाटा लिंपून टाकायच्या. आतली आग दिवसचे दिवस जीव धरून राहते, आणि झोत पुन्हा सुरू केला की जागी होते. निखाऱ्यावर राख ओढणारी म्हातारी आणि हवेच्या नळ्या लिंपणारा कामगार यांची कधी गाठ पडो न पडो, दोघांना एकच गोष्ट ठाऊक आहे: इंधन पुरतं ते हवेवर हुकमत असली तर.

हवेनंतर पाणी. ओलं लाकूड वाईट, हे सगळेच सांगतात, पण त्याचं कारण बहुधा अर्धवट सांगितलं जातं. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते उकळून उडवण्यात उष्णता वाया जाते हे खरं. पण हिशेब मांडला तर ही गळती वाटते तेवढी नाही. किलोभर ओल्या लाकडातलं अर्धा किलो पाणी घालवायला ३०० किलोकॅलरी लागतात, आणि त्यातल्या अर्धा किलो कोरड्या भागातून २,००० च्या वर मिळायला हव्यात. खरं नुकसान पुढे आहे. लाकडाच्या वजनाचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो, आणि तो वायू जळायला चांगली तापलेली ज्योत हवी. पाण्यानं ज्योत थंड ठेवली की तो न जळताच धूर होऊन निघून जातो. डोळ्यांत पाणी आणणारा धूर म्हणजे वाया गेलेलं सरपणच. म्हणून हिवाळ्याच्या सरपणाची खरी तयारी हिवाळ्यात होत नाही. बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात जे लाकूड अक्तीच्या आधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपूर्वी तोडून, फोडून, उन्हाळा खाऊन छपराखाली गेलं तेच कामाचं. भाताच्या बांधांवरची बाभूळ इथे त्यासाठीच पूर्वीपासून राखलेली: काटे कुंपणाला, शेंगा शेळ्यांना, फांद्या चुलीला. नॉर्वेत लाकूड रचण्यावर लार्स मिटिंग यांनी लिहिलेलं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि धडाक्यानं खपलं; २०१३ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीनं बारा तास फक्त लाकूड आणि जळती शेकोटी दाखवली, तेव्हा ओंडके सालीची बाजू वर करून रचावेत की खाली यावर प्रेक्षक हमरीतुमरीवर आले. आपल्याकडे हीच अक्कल कुणी पुस्तकात घातली नाही. ती बाईची अक्कल होती, म्हणून असेल.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. गॅस घ्या आणि मोकळे व्हा. सरपणाच्या काटकसरीचं कौतुक म्हणजे गरिबीला तोरण बांधणं. मोळी डोक्यावर येते ती बाईच्या, धूर जातो तो तिच्याच छातीत. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली ती याच कारणानं, आणि तिच्याबद्दल नाक मुरडण्याचं काही कारण नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगढमधली साधारण एक तृतीयांश घरंच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरत होती. देशाचं प्रमाण ५८ टक्क्यांच्या पुढे असताना. सिलिंडर घरात आला म्हणून चूल घराबाहेर जात नाही. चहा, पाहुण्यांची भाजी, डबा गॅसवर. भात, गुरांची पेज आणि आंघोळीचं पाणी लाकडावर, अशी वाटणी होते, आणि ती अडाणीपणानं होत नाही. सिलिंडर एकरकमी पैसे मागतो, लाकूड रोजची थोडी मेहनत मागतं. ज्याच्याकडे रक्कम नाही आणि हात आहेत तो काय निवडणार? नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतापासून या भागात निस्तार चालत आला, गावकऱ्याचा जळणावरचा वहिवाटीचा हक्क. १९५९ च्या भूराजस्व संहितेत कलम २३४ खाली निस्तार पत्रक आलं ते या वहिवाटीला कागद मिळावा म्हणून. भिलाईच्या वस्त्यांत येऊन राहिलेल्या मजुराचा तो हक्क गावात राहिला. शहरात त्याला जळण विकत घ्यावं लागतं, आणि ज्या कोंड्याला पूर्वी कुणी विचारत नव्हतं तो आता राईस मिलच्या बॉयलरला आणि वीजनिर्मितीला जातो, त्यामुळे त्यालाही भाव आला. काटकसर शिकवायची तर आधी हे मान्य करावं लागेल, की गरिबाच्या हातातलं सगळ्यात काटकसरी जळण बाजारानं महाग केलं आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, कारण तो गोरसीच्या मुळावरच येतो. हवा कमी दिली की आग पुरते. पण हवा कमी दिली की जळणही अर्धवट होतं, आणि अर्धवट जळण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निघून गेल्यावरची शांत, लाल, राखेत पुरलेली शेगडीच जास्त धोक्याची. दर हिवाळ्यात उत्तरेकडून बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात त्या याच विषाच्या. म्हणजे जी युक्ती सरपण वाचवते तीच माणूस मारते. मग शेकडो वर्षं गोरसी उशाशी ठेवून झोपणारी माणसं वाचली कशी? उत्तर घराच्या छपरात आहे. कवेलूचं छप्पर, कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, दाराखालची फट: जुनं छत्तीसगढी घर सगळीकडून श्वास घेत होतं. गोरसीचा शोध त्या गळक्या घरासाठी लागला होता. घर बदललं, स्लॅब आला, खिडकीला काच आली, फटीत चिंधी कोंबली गेली. आग मात्र जुनीच आत आली. म्हणून मला वाटतं, भिलाईत गोरसीचं जतन करायचं असेल तर ते ओसरीवर आणि अंगणात. स्लॅबच्या खोलीत तिला जागा नाही, मग परंपरेचा कितीही उमाळा येवो. खोलीत ऊब हवी तर ती अंगाजवळ ठेवावी: जाड कथरी, खाली पैऱ्याचा थर, कानाला मफलर. विदर्भातून इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांत वाकळ होतीच.

राहिलं आंघोळीचं पाणी, आणि सरपणाचा हिवाळ्यातला मोठा खड्डा मला तरी इथेच दिसतो. १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ४२ वर न्यायला ३६० किलोकॅलरी पुरतात. तीन दगडांच्या चुलीवर लाकडातल्या उष्णतेचा दहावा हिस्सा पातेल्यापर्यंत पोचला तरी खूप, म्हणजे प्रत्यक्षात जाळाव्या लागतात ३,६०० आणि एका माणसाच्या एका आंघोळीला साधारण किलोभर वाळलेलं लाकूड जातं. पाच माणसांच्या घरात रोज पाच किलो, तेही भात शिजायच्या आधीच. सुधारित चुलीनं हे निम्म्यावर येईल, पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं अशा चुलींवर बरंच काम केलं आहे. पण भिलाईच्या हिवाळ्यापाशी याहून स्वस्त उपाय आहे आणि तो वर्षातल्या नेमक्या याच दिवसांत भरपूर मिळतो. डिसेंबर-जानेवारीत इथे बहुतेक दिवस आकाश निरभ्र, दुपारचा पारा २७-२८ अंशांवर. काळी पडलेली ॲल्युमिनियमची पातेली सकाळी दहाला झाकण घालून पत्र्यावर ठेवली, तर दुपारी तीनपर्यंत पाणी सोसवेल इतकं तापतं. अडचण एकच: आंघोळ पहाटे करायची नाही, दुपारी करायची. पहाटेच्या पाळीला निघणाऱ्याला हे जमणार नाही आणि ज्याचा देव पहाटे उठतो त्याला पटणार नाही. पण घरातली मुलं, म्हातारी माणसं आणि घरी राहणाऱ्या बाया एवढ्यांची जरी आंघोळ दुपारी सरकली, तरी पाचांतल्या तीन आंघोळींचं लाकूड रोज वाचतं, आणि दोन महिन्यांत ते दीड-पावणेदोन क्विंटलच्या पुढे जातं.