दोघींची ओटी

नागपूर,
5 ऑगस्ट

प्रिय ताई,

देवरी तालुक्यात आशा सेविका म्हणून फिरताना गर्भवतींच्या लघवीच्या दानाविषयी बायकांशी बोलावं की नाही, हा तुझा प्रश्न. माझं म्हणणं, जरूर बोलावं. पण ही वस्तू मागायची ती दान म्हणून, कशासाठी हवी हे सगळं सांगून. टाकाऊ समजून चार पैशांत गोळा करायला माझा विरोध आहे.

ती कशासाठी हवी, ते आधी सांगते. दिवस गेले की वारेच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक बनवू लागतात. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास ते सगळ्यात जास्त असतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. तपासणीच्या पट्टीवर तू जी दुसरी रेघ बघतेस, ती त्याचीच. 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी यावरच पहिली भरवशाची गर्भचाचणी उभी केली. हेच संप्रेरक शुद्ध करून पाच किंवा दहा हजार युनिटचं इंजेक्शन दिलं, की साधारण 36 तासांनी पिकलेलं स्त्रीबीज सुटतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीज काढायची वेळ त्यावरूनच ठरवतात. संप्रेरकांच्या कमतरतेमुळे शुक्रजंतू तयार न होणाऱ्या काही पुरुषांनाही ते देतात. नेदरलँड्समध्ये 1930च्या दशकापासून गर्भवती स्वेच्छेने आपली लघवी साठवून देत आल्या आहेत. त्या योजनेच्या नावाचा अर्थच ‘आयांकडून आयांसाठी’ असा आहे. आपल्याकडे मुंबईची भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनीही गर्भवतींच्या लघवीतून काढलेल्या एचसीजीचं इंजेक्शन बनवते. म्हणजे गोष्ट परदेशापुरती नाही.

पहिला अडसर लाजेचा आणि भीतीचा. ज्या घरात गोमूत्र देवघरात चालतं, तिथे किळस समजावून दूर करता येईल. बाळाला धोका नाही, कारण जे शरीर आपणहून टाकतं तेवढंच द्यायचं आहे. खरी अडचण वेगळी आहे. तीन महिने होईपर्यंत पोटाची वाच्यता करायची नाही, ही आपली रीत, आणि एचसीजी भरपूर असतं ते नेमकं याच दिवसांत. बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवताना तुलाही याच रीतीशी झगडावं लागतं. म्हणून दारावर उघड डबे मांडून हे काम होणार नाही. तिचं गुपित राखणारी बाईच ते करू शकेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. धानाच्या रोवणीची मजुरी बुडवून राबणाऱ्या बाईला मोबदला का नको? तिचा वेळ, जाण्यायेण्याचा खर्च, तुझं मानधन हे सगळं द्यायलाच हवं. मात्र लिटरमागे भाव ठरवणं घातक आहे. रक्ताच्या बाबतीत देशाने हे भोगलं आहे: पैशासाठी रक्त देणारे आजार लपवत, आणि अखेर 1996च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1998पासून विकतचं रक्त बंद झालं. इथेही भाव लागला की महिने लपवले जातील, पाणी मिसळलं जाईल, घरातली सासू किंवा नवरा सुनेवर जबरदस्ती करेल.

कुणी म्हणेल, 2000च्या सुमारापासून हे संप्रेरक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतूनही मिळतं, मग कशाला हा खटाटोप? मिळतं, पण लघवीतून काढलेलं औषध बहुधा स्वस्त पडतं आणि अजूनही सर्रास वापरलं जातं. वंध्यत्वाचा उपचार बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो, तिथे हा फरक छोटा नाही. कंपन्या नफा कमावतील हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. त्यावर अट एकच घालावी: ज्या जिल्ह्यातून दान जाईल, त्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात औषधाचा ठरावीक वाटा मोफत परत यावा. गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याला ते मिळालं, तर सालेकसा-देवरीच्या बाईलाही आपण काय दिलं ते दिसेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या अहवालाप्रमाणे सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. कारण पुष्कळदा पुरुषात असतं, तरी डोहाळजेवणात ओटी भरायला मागे सारतात ते मूल नसलेल्या बाईलाच. तिच्या औषधात पाटावर बसलेल्या गर्भवतीचा अंश असू शकतो, हे गावाला कळणं मला दानाइतकंच मोलाचं वाटतं.

शीतपेटी, वाहन आणि लेखी संमती यांची सोय होईपर्यंत कुणाकडे काही मागू नकोस. बोलायला मात्र सोयीची गरज नाही. रोवणी आटोपली की बायका जरा मोकळ्या होतील. तेव्हा बैठक घे, आणि मूल नसलेल्या बायकांनाही आवर्जून बोलाव.

तुझी धाकटी