टीव्हीखालची पट्टी



आमच्या घरी टीव्हीच्या आवाजावरून होणारी कुरबुर जुनीच. सकाळी प्रवचन लागलं की हे आवाज वाढवत नेणार, 40, 45, 48. मी स्वयंपाकघरातून ओरडणार, "अहो, शेजारच्यांनाही पुण्य लागतंय, पुरे आता!" आणि एवढं करून मला विचारणार, "काय म्हणाले महाराज?" दशलक्षण पर्वात उत्तम तपाच्या दिवशी तर कमालच झाली. "कपाचं काय सांगतायत गं?" म्हणे. मी हसत सुटले. हे उठून पेपर घेऊन गॅलरीत गेले. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्याचा भाचा आला तेव्हा त्याने टीव्ही भिंतीपासून जरा ओढून मागे बघायला सांगितलं. स्पीकर खाली आणि मागच्या बाजूला! आपल्या जुन्या डबा टीव्हीचे स्पीकर समोर असायचे, आवाज सरळ आपल्याकडे यायचा. आताच्या पातळ टीव्हीत जागाच नाही, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर आणि टेबलावर आपटतो, मग आपल्यापर्यंत पोचतो. वाढवला तर गलका वाढतो, शब्द काही उमटत नाहीत. तो म्हणाला, साउंडबार घ्या.

आता माझा एक घरगुती नियम आहे. परिग्रहाचं परिमाण नुसतं व्रतांच्या यादीत वाचायचं नाही, एक वस्तू आत आली की एक बाहेर गेली पाहिजे. त्यामुळे कपाटावर धूळ खात पडलेला टेपरेकॉर्डर आणि त्याचे दोन स्पीकर आधी बाहेर काढले, मगच ऑर्डर दिली. धडधडणाऱ्या वेगळ्या डब्याचा सेट घेतला नाही. आपल्याला प्रवचन ऐकायचंय, वरातीत नाचायचं नाही.

खोकं आलं त्या दिवशी भाचा नव्हता. म्हटलं, बी.कॉम. झालेय, ताळेबंद जुळवलेत, एक वायर जुळवता येणार नाही? टीव्हीला मागे एचडीएमआयची तीन भोकं. सेट टॉप बॉक्सची वायर एकात होतीच. मी बारची वायर दुसऱ्या रिकाम्या भोकात खोचली. बारचा दिवा लागला, आवाज मात्र टीव्हीतूनच. अर्धा तास गेला. मग मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं तर तीनपैकी एकाच भोकाजवळ बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलेलं. टीव्हीचा आवाज उलट बाहेर पाठवायची सोय तेवढ्या एकातच असते. बारच्या मागेही वायर 'एआरसी' लिहिलेल्या भोकातच जायला हवी. सेट टॉप बॉक्सला अजिबात हात लावायचा नाही, तो टीव्हीलाच जोडलेला राहू द्यायचा.

तरी आवाज नाहीच! मग व्हिडिओ कॉल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'साउंड' उघडून आवाज कुठून यावा ते 'टीव्ही स्पीकर'वरून 'एचडीएमआय एआरसी'वर न्यायचं होतं. शिवाय 'सीईसी' नावाची गोष्ट चालू करायची. प्रत्येक कंपनी तिला वेगळंच नाव देते, पण ती चालू केली की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमीजास्त होतो. ह्यांना दोन रिमोट सांभाळायला लावले असते तर बार माळ्यावरच गेला असता. काहींना टीव्ही आणि बार दोन्हींतून आवाज येऊन प्रतिध्वनी ऐकू येतो. तसं झालं तर टीव्हीचे स्पीकर बंद करा.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताईंच्या जुन्या टीव्हीला एआरसी नाही, त्यांना ऑप्टिकल वायरने जोडून दिलं. तिच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची इवलीशी टोपणं असतात. ती काढायला विसरलो आणि दहा मिनिटं दोघी वायरला नावं ठेवत बसलो.

शेवटी बारच्या रिमोटवर 'व्हॉइस' दाबलं आणि बास कमी केला. म्हणजे माणसाचं बोलणं पुढे येतं आणि घुमणं मागे पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवचन लागलं. मी कणिक मळत होते. आवाज बेताचा होता, म्हणून डोकावले तर हे मान किंचित पुढे करून बसलेले. महाराजांनी तत्त्वार्थसूत्रातलं एक सूत्र अर्धं म्हटलं आणि उरलेलं ह्यांनी पुरं केलं. एकेकाळी बस्तीत शास्त्रवाचन हेच करायचे. दोन वर्षांपूर्वी सोडलं. गुडघे दुखतात म्हणून. मीही तेच सगळ्यांना सांगत आले.

प्रवचन संपलं तसे म्हणाले, "गुडघ्याचं काही नव्हतं गं. लोक शंका विचारायचे, मला कळायचंच नाही काय विचारतायत. दोनदा भलतंच उत्तर दिलं."

मला काय बोलावं सुचेना. हाताला कणिक तशीच.

त्या आठवड्यात कान तपासायला नेलं. तिथे एक आलेख काढतात, डावीकडे जाडे स्वर, उजवीकडे बारीक. ह्यांची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे उतरत उतरत पार खाली. दिवाळीनंतरच्या विक्रीसारखी. तपासणाऱ्या बाईंनी समजावलं, वयानुसार आधी बारीक स्वर जातात. स, श, क, त यांची ओळख त्या बारीक स्वरांवरच असते. म्हणून आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. तप आणि कप कानाला सारखेच.

म्हणजे मी इतकी वर्षं "लक्ष कुठे असतं तुमचं?" म्हणत होते ते उगाचच. त्याची क्षमा मी क्षमावाणीची वाट न बघता रिक्षातच मागितली. हे म्हणाले, "काय?" आणि मग दोघेही हसलो.

बारने घरातलं काम झालं, बस्तीतलं होणार नाही. तिथे पंखे, मुलं, माइकची घरघर. त्यासाठी कानातलं यंत्र हवं, आणि त्याला ह्यांची अजून पूर्ण तयारी नाही. "म्हातारा दिसेन" म्हणतात, वय 71! दोन आठवडे वापरून बघायला मिळतंय, तेवढं कबूल केलंय. मंगळवारी जायचंय.

टीव्ही सध्या 18 वर आहे.