हातमोज्याची परीक्षा

पंचज्ञानेंद्रियांच्या दरबारात स्पर्शाला मानाची जागा कधी मिळालीच नाही. चित्रकला डोळ्यांसाठी, गायन कानांसाठी. नाकाच्या तृप्तीसाठी अत्तरवाले आणि जिभेच्या तृप्तीसाठी आचारी अहोरात्र खपत असतात. परंतु निव्वळ त्वचेच्या सुखासाठी निर्माण झालेली एखादी ललितकला सांगा, असे कोणी म्हटल्यास आम्हांला तरी चटकन उत्तर सुचत नाही. काव्याचीही तीच कथा. आमची तीस वर्षे इंग्रजी कविता शिकविण्यात गेली. नायिकेच्या नेत्रांवर पानेच्या पाने खर्चणारे कवी तेथे पुष्कळ भेटले, पण तिचा तळहात मऊ होता की खरखरीत, याची वास्तपुस्त करणारा विरळा. भाषेने मात्र हाताची बूज राखली आहे. सुगरणीच्या हाताला चव असते, वैद्याच्या हाताला गुण असतो, कारागिराला हातोटी साधते, आणि बेरजेसारख्या रुक्ष व्यवहारातही एक 'हातचा' धरल्यावाचून भागत नाही.

या उपेक्षित इंद्रियाचा कैवार अखेर यंत्रज्ञांनी घेतला. 'आभासी वास्तव' या नावाने जी विद्या हल्ली सर्वतोमुखी झाली आहे, तिचा प्रकार थोडक्यात असा: डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवावयाचा, त्यातील पडद्यांवर दोन डोळ्यांना किंचित निरनिराळी चित्रे दिसतात, आणि मान वळवावी तसतशी तीही वळतात. घटकाभरात मनाची खात्री पटते की, आपण खोलीत नसून एखाद्या बागेत किंवा कारखान्यात उभे आहोत. डोळा फसला, कानही फसला; पण समोरचा आंबा उचलावयास जावे, तर मूठ हवेतच मिटते. या अविश्वासू हाताची समजूत घालण्यासाठी जो हातमोजा निघाला आहे, त्याला हॅप्टिक हातमोजा म्हणतात. शब्द ग्रीक आहे. त्याच्या मुळाशी स्पर्श करणे आणि धरणे हे दोन्ही अर्थ आहेत.

असा एक हातमोजा घालून पाहण्याचा योग आम्हांला नुकताच आला. बारावीला आमच्या हाताखाली इंग्रजी शिकलेली एक विद्यार्थिनी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत या कामावर आहे. प्रयोगशाळेचे आणि हातमोजा करणाऱ्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. तिला कोरे हात हवे होते. "आमच्या मंडळींचे हात आता लबाड झालेत, सर," ती म्हणाली, "कुठे काय लागायला हवं ते त्यांना आधीच ठाऊक असतं." वाङ्मयाच्या प्राध्यापकाचे हात यंत्रविद्येच्या बाबतीत किती कोरे असतात, हे तिला चांगले माहीत होते. आमचाही यात एक हेतू होता. तो पुढे ओघाने येईलच.

हातमोजा दिसावयास साधा. पातळ, ताणले जाणारे कापड, आणि पंजाच्या पाठीवर एक डबी. अंगठा आणि तीन बोटे यांच्या टोकांपासून एकेक दोरी निघून बोटाच्या पाठीवरून त्या डबीत जाते; करंगळीला मात्र दोरी नाही. बोट मिटू लागले की दोरी डबीतून बाहेर ओढली जाते. चष्म्यातले चित्ररूप बोट चित्ररूप चेंडूला जाऊन भिडले की, डबीतला ब्रेक दोरी पकडतो, आणि खरे बोट जागच्या जागी अडते. याखेरीज अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांशी, भ्रमणध्वनीत असतो तसला, थरथरणारा एक बारीक तुकडा. सारे इंद्रजाल ते एवढेच.

प्रथम पंजा उघडून आणि मूठ मिटून यंत्राला आमच्या हाताची ओळख करून द्यावी लागली. मग समोर एक चेंडू आला. आम्ही तो धरला. आमच्या मुठीत काही नाही हे आम्हांला पक्के ठाऊक होते. आणि मूठ मिटत नव्हती! त्या क्षणी अंगावर जो काटा उभा राहिला, त्याची बरोबरी करणारे नवल आम्ही फार दिवसांत अनुभवले नव्हते. नंतर एक स्प्रिंग दाबून पाहिली, एक अंडे मुद्दाम फोडून पाहिले. अंडे फुटताना बोटांचा आधार एकदम सुटतो, ती युक्ती तर फारच बहारीची आहे.

नवलाचा पहिला भर ओसरल्यावर आम्ही परीक्षकाच्या भूमिकेत शिरलो. चित्र घालवून नुसताच हातमोजा चालू ठेवावयास सांगितले. झाले! बोटे अडत होती, पण चेंडूवर अडतात की ठोकळ्यावर, हे सांगता येईना. म्हणजे चेंडूचा गोलपणा मघाशी आम्हांला डोळ्यांनी पुरविला होता आणि हाताने तो उसना घेऊन आपला म्हणून मिरविला होता. १९६४ साली रॉक आणि व्हिक्टर या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवून दिले होते: वस्तूचा आकार विकृत दिसेल अशा भिंगातून ती पाहावयास आणि त्याच वेळी हाताने चाचपावयास दिली असता, माणसाचा कौल डोळ्यांकडेच झुकतो, आणि आपला हातही तेच सांगतो आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

पुढे एक लोखंडी गोळा आला. गंजाचे डागसुद्धा हुबेहूब. पण उचलला तर कापसाहून हलका. "मेजावर हात टेकू नका हं, सर," अशी सूचना मिळाली म्हणून आम्ही मुद्दाम टेकून पाहिला, तो थेट मेजाच्या आरपार गेला. कारण उघड आहे. हा हातमोजा हाताच्याच आधारावर उभा. तो बोटांना पंजाशी बांधून अडवील, पण सबंध पंजाला अडवावयाचे तर त्याचे पाय जमिनीवर किंवा भिंतीवर रोवलेले हवेत. तशी यंत्रे आहेत, पण त्यांना हातमोजा म्हणता येणार नाही.

येथे आम्हांला अन्नंभट्टाची आठवण झाली. सतराव्या शतकातल्या या नैयायिकाने तर्कसंग्रहात स्पर्श तीनच प्रकारचा सांगितला आहे: शीत, उष्ण, आणि ऊनही नाही व गारही नाही असा अनुष्णाशीत. जडपणा हा त्याच्या हिशेबी स्पर्शाहून निराळा गुण, गुरुत्व. आणि कठीणपणा व मऊपणा हे स्वतंत्र गुणच नव्हेत, तो अवयवांच्या संयोगाचा एक विशेष, असे त्याने आपल्याच दीपिका टीकेत लिहून ठेवले आहे. विद्यार्थिदशेत हे वर्गीकरण आम्हांला निव्वळ शब्दच्छल वाटे. आता त्या मापाने हातमोजा तपासला, तर त्याने आम्हांला संयोगाचा थोडा भास दिला; गुरुत्व दिले नाही, आणि स्पर्श तर मुळीच दिला नाही. लोखंडी गोळा, अंडे आणि चेंडू या तिघांचाही शीतोष्णपणा एकच होता. तो आमच्या घामेजल्या बोटांचा.

यंत्रज्ञांना हे कळत नाही असे कोणी समजू नये. संगणकाच्या ताब्यातल्या खोलीत खुर्ची दिसली तर तीवर बसताही यावे, हे स्वप्न आयव्हन सदरलंड यांनी १९६५ सालीच एका छोट्या निबंधात मांडले होते. किरणोत्सर्गी पदार्थ दुरून हाताळण्यासाठी अमेरिकेतील आर्गोन येथे जे यांत्रिक हात तयार झाले होते, त्यांतलाच एक फ्रेडरिक ब्रुक्स यांनी संगणकाला जोडला. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कोठे बसतो आणि कोठे अडतो, हे रसायनज्ञाला मनगटाने जाणवावे यासाठी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९६७ पासून वीसएक वर्षे खटपट चालली होती. १९७७ साली शिकागोत झालेला सेअर हातमोजा आणि १९८९ साली खेळण्यांच्या दुकानांत आलेला पॉवर ग्लव्ह हे बोटांची हालचाल यंत्राला कळवीत, उलट निरोप मात्र आणीत नसत. आताच्या काही हातमोज्यांत शंभराहून अधिक सूक्ष्म फुगे हवेने फुगून कातडीवर टेकतात; पण त्यांची हवा पुरविणारे ओझे पाठीवर वागवावे लागते. अडचण मूळचीच आहे. डोळ्याला सेकंदाला शंभराच्या आत चित्रे दाखविली तरी तो समाधान पावतो. हाताला कठीण पृष्ठभाग कठीण वाटावयाचा तर यंत्राला सेकंदाला हजार वेळा हिशेब करावा लागतो. थोडा उशीर झाला की भिंत थरथरते किंवा पिठासारखी दबते.

आता आमच्या हेतूविषयी. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. लक्ष्मी रस्त्यावरील एका कापडाच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षे नोकरी केली. ताग्याचे टोक चिमटीत धरून एकदा चोळले की, सूत किती बारीक, खळ किती आणि धुतल्यावर काय उरेल, हे ते सांगत. मालकसुद्धा माल घेताना अण्णांची चिमूट घेऊन जात असे. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. हात पुढे बराचसा हलू लागला, पण बोटांची संवेदना परतली नाही. उजव्या हाताने सदऱ्याची गुंडी लागत नाही. भात ऊन आहे की निवला, हे त्या हाताला कळत नाही, म्हणून ते चमच्याने जेवतात. तक्रार म्हणून कधी नाही. एकदा मात्र आम्ही नवे धोतर आणले, तेव्हा त्यांनी ते सवयीने उजव्या चिमटीत धरले, क्षणभर थांबले, आणि काही न बोलता डाव्या हातात घेतले. ते आम्हांला आजही आठवते.

अशा रुग्णांच्या हाताला व्यायाम देण्यासाठी हातमोज्याचा उपयोग करून पाहावा, असा त्या प्रयोगशाळेचा विचार आहे, आणि अण्णांना आणाल का, असे तिने विचारले होते. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला आशा दाखविण्यापूर्वी ती आशा आपण स्वतः हातात घालून पाहावी, एवढाच आमचा हेतू.

म्हणून आम्ही शेवटी कापड मागितले. तिने ते तयार ठेवले होते. चुण्या इतक्या सुरेख पडत होत्या की, खऱ्या शालूने लाजावे. आम्ही अण्णांसारखी चिमूट करून चोळले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात काहीतरी गुणगुणले. मांजरपाटालाही तीच गुणगुण, मलमलीलाही तीच. डेव्हिड काट्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२५ साली आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, बारीक पोत स्थिर बोटाला कळतच नाही. बोट सरकले पाहिजे, आणि सरकताना उठणारी कंपने कातडीने वाचली पाहिजेत. कंपने देण्याचा हातमोज्याचा मार्ग तेव्हा अगदीच चुकीचा नाही. परंतु तळहाताच्या बाजूला स्पर्श टिपणारे सुमारे सतरा हजार मज्जातंतू आहेत, आणि त्यांच्या सभेत हा एकच वक्ता एकाच सुरात बोलतो आहे.

शिवाय तो बोलतो ते ऐकू येणाऱ्यांशी. स्वीडनचे रोलांड योहान्सन यांनी धडधाकट माणसाच्या बोटांची टोके औषधाने बधिर करून त्याला आगकाडी पेटवावयास लावली. स्नायू शाबूत असूनही ते साधे काम झोंबाझोंबीचे झाले. वस्तू किंचित घसरू लागली ही वर्दी कातडीने द्यावयाची, आणि मग पकड घट्ट व्हावयाची. वर्दीच नाही, तर हात एक तर वस्तू पाडतो, नाही तर चिरडतो. अण्णांच्या गुंडीचे रहस्य आम्हांला त्या दिवशी कळले.

"मग आणू नको म्हणतेस?" आम्ही विचारले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. "सर, कातडीची जाणीव वेगळी आणि सांध्यांची, स्नायूंची वेगळी. ब्रेक लागतो तो बोटाच्या टोकाला, पण तो कळतो पार कोपरापर्यंत. आजोबांचं त्यातलं काय शिल्लक आहे, ते मला माहीत नाही. सुती-रेशमी मी त्यांना देऊ शकणार नाही, हे मात्र आधीच सांगा."

आम्ही अण्णांना ते तसेच सांगितले, काही झाकून ठेवले नाही. "चल, बघून येऊ," ते म्हणाले. "दुकानात आलेला माल न बघता परत पाठवायचा नसतो."

पुढच्या बुधवारी त्यांना घेऊन गेलो. चष्मा चढविला, तिने हलक्या हाताने हातमोजा घातला. चेंडूवर बोटे मिटली आणि अडली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काहीतरी आहे." कोठे लागते, असे तिने विचारले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजव्या मनगटाच्या वरची जागा दाखविली. दोन अंडी फुटली. तिसरे त्यांनी उचलून टोपलीत ठेवले. ते चित्रातले अंडे न फुटता टोपलीत गेले, तेव्हा आम्ही का कोण जाणे खिडकीबाहेर पाहत राहिलो.

कापड त्यांनी एकदाच चोळले आणि मान हलविली. मग चष्मा काढून ठेवला, तिच्या हातून तो हातमोजा घेतला, आणि त्याची कड डाव्या चिमटीत धरून चोळली. "यात सूत नावालाही नाही," त्यांनी निकाल दिला, "पण शिवण चांगली आहे. वाराला काय पडतं?" तिने हातमोज्याची किंमत सांगितली, तेव्हा ते मनापासून हसले.

आता ते दर बुधवारी जातात. गेल्या खेपेपासून त्यांनी ट्रंकेतले कापडाचे तुकडे काढून ठेवले आहेत: मांजरपाट, लाँगक्लॉथ, मलमल, पॉपलिन आणि इरकलीचा एक जुना काठ. डाव्या हाताने एकेक पारखून त्यांनी ते क्रमाने लावले, आम्हांला प्रत्येकावर चिठ्ठी टाचावयास सांगितली, आणि वर बजावले, "तिला म्हणावं, आधी हे नीट चोळून बघ, बाळ. काय दाखवायचं ते तुला कळलं, तर यंत्राला सांगशील."