भिंतीवरची अक्षरं

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशवृत्तांत मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. पुढे १८५५ मध्ये राज्य खालसा झालं, पण त्याच्या आधारानं आलेली आमच्यासारखी घरं इथेच राहिली. नववीत असताना शाळेनं आम्हाला मंदिर बघायला नेलं. "हे कुणाला वाचता येतं का?" सरांनी विचारलं. मला येत होतं. आजोबांनी मला बालबोध अक्षरं शिकवली ती याच भिंतीसमोर, बोट धरून. मी पायांखालच्या दगडाकडे बघत राहिलो.

वर्गात पाच जणांचा कंपू होता आणि त्यांनी मला नुकतंच आपल्यात घेतलं होतं. संध्याकाळी राजवाड्याजवळ सायकली लावून चालणाऱ्या त्यांच्या गप्पांत आपणही असावं, याहून मोठी इच्छा त्या वयात मला नव्हती. इथे आम्हाला 'रायर' म्हणतात. त्या शब्दात अपमान नाही. पण एकानं तो एकदा लांबवून उच्चारला, बाकीचे हसले, आणि घरची भाषा उंबऱ्याबाहेर काढायची नाही असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. आमच्या वर्गात रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्र समाजाचा एक मुलगा होता. त्याच्या आईनं शाळेच्या फाटकापाशी त्याला त्यांच्या भाषेत हाक मारली. तिची नक्कल सगळ्यांत आधी मी केली, आणि हुबेहूब केली. घरी एक, बाहेर एक भाषा बोलणाऱ्याचा कान तयार असतो. कंपू खूश झाला. त्या मुलानं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी घरी काय बोलतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ते कधीच कुणाला सांगितलं नाही. मी त्याची माफी मागितली नाही. दहावीनंतर तो कुठे गेला, याचीही चौकशी केली नाही.

मित्र पहिल्यांदा घरी आले तेव्हा आजीनं डांगर पचडी केली होती. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. "जेवून जा रे पोरांनो," ती म्हणाली. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आजी, त्यांच्यासमोर तमिळच बोल." ती "बरं" म्हणाली. मित्रांनी पचडी पुन्हा पुन्हा मागून घेतली. आम्ही कोणती भाषा बोलतो, हे कुणी विचारलंही नाही.

पुढे कॉलेजसाठी चेन्नईला गेलो. पोंगलला परतलो तर आजी दारातच होती. "साप्टाच्चा?" जेवलास का, हे ती मला तमिळमध्ये विचारत होती. सोबत कुणी नव्हतं. मी मराठीत उत्तर दिलं, तरी पुढचा प्रश्न तमिळमध्येच आला.

"आजी, आपल्या भाषेत बोल ना."

तिनं आधी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं, मागून कुणी येतंय का ते.