उणे ७८

एस्टरपासून आल्डिहाइड करायचं असलं की सकाळी लॅबमध्ये शिरल्या शिरल्या मी आधी ड्राय आइस आलाय का ते बघतो. ॲसिटोनमध्ये तुकडे टाकले की बाथ जोरात फसफसतो. फसफस मंदावली, की तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास ठरतं. मग सिरिंजने डायबाल, म्हणजे डायआयसोब्युटिल ॲल्युमिनियम हायड्राइड, थेंब थेंब, फ्लास्कच्या आतल्या काचेवरून ओघळू देत. खाली पोचेपर्यंत ते गार झालं पाहिजे.

डायबालच का? १९४७ साली फिनहोल्ट, बाँड आणि श्लेसिंगर यांनी जगापुढे ठेवलेलं लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड एस्टरला थेट अल्कोहोलपर्यंत नेतं, अधेमधे थांबत नाही. सोडियम बोरोहायड्राइड साध्या एस्टरच्या सहसा वाटेलाही जात नाही. डायबाल एक हायड्राइड देतं आणि ॲल्युमिनियमला धरून बसलेलं एक इंटरमीजिएट तयार होतं. थंडीत ते टिकतं. ऊब लागली की ते मोडून आल्डिहाइड सुटं होतं, आणि आल्डिहाइड एस्टरपेक्षा चपळ असल्यामुळे उरलेलं डायबाल आधी त्यालाच गाठतं. म्हणजे सगळं नीट चाललेलं असताना फ्लास्कमध्ये आल्डिहाइड जवळपास नसतंच. ते जन्मतं वर्क-अपमध्ये.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हतं. कॅपिलरीने थेंब काढला, टीएलसी प्लेटवर ठेवला, तर अल्कोहोलचा ठसठशीत ठिपका. बॅच गेली म्हणून मी रडकुंडीला आलो. सरांनी बाथमध्येच गार केलेल्या मिथेनॉलमध्ये नवा नमुना घ्यायला लावला. ती प्लेट आल्डिहाइड ओळखणाऱ्या डीएनपीत बुडवली आणि नारिंगी ठिपका उमटला. बिघाड फ्लास्कमध्ये नव्हता. कॅपिलरीतल्या त्या चार-सहा सेकंदांच्या उबेत होता. तेव्हापासून नमुना कसा काढला हे विचारल्याशिवाय मी कुणाचीही प्लेट वाचत नाही.

क्वेंचही थंडीतच. मिथेनॉल हळूहळू सोडायचं, हायड्रोजनचे बुडबुडे थांबेपर्यंत हात आवरायचा. बाहेर काढल्यावर ॲल्युमिनियमचा लगदा होतो, साबुदाण्याच्या खिरीसारखा दाट. त्यातून थर काही वेगळे होत नाहीत. इथे रोशेल सॉल्ट कामाला येतं. ते टार्टरिक ॲसिडचं मीठ, म्हणजे चिंचेच्या आंबटपणाचंच. टार्टरेट ॲल्युमिनियमला कवेत घेऊन पाण्यात ओढतं. घाई केली तर सेपरेटिंग फनेलपाशी अख्खी दुपार जाते, म्हणून मी रात्रभर ढवळत ठेवतो. सकाळी ढवळणं बंद करतो आणि खाली पाणी, वर टोल्युइन, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ.

एनएमआरमध्ये ९.७ पीपीएमच्या आसपास, बाकीच्या गर्दीपासून दूर, आल्डिहाइडचा एकच छोटा पीक उभा असतो. तो दिसला की पुढची रिॲक्शन त्याच दिवशी लावतो. हवेत राहिलं तर आल्डिहाइड पुन्हा ॲसिडच्या वाटेला लागतं.