म्हाळगींचा स्टेटस रिपोर्ट

शुक्रवारी संध्याकाळी स्टेटस रिपोर्ट भरताना मला हटकून रामभाऊ म्हाळगी आठवतात. हसू नका, सांगतो.

आमचे बाबा जुने जनसंघवाले. मी नाही. गोहत्याबंदी, ३७० वगैरे विषय निघाले की आमच्या घरी जेवण गार होतं. पण म्हाळगींवरून बाबांशी भांडायला मला कधी जमलं नाही. १९५७ साली ते मावळातून जनसंघाचे आमदार झाले. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत जनसंघ आणि कम्युनिस्ट एकाच बाजूला होते (हे बाबा फारसं सांगत नाहीत!). पुढे पुण्यातून दोनदा आमदार, आणीबाणीत तुरुंग, १९७७ आणि १९८० ला ठाण्याचे खासदार. १९८२ साली गेले. मंत्रिपद कधीच नाही.

पण हा माणूस दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल मतदारांना द्यायचा. वर्षभरात मी काय केलं, हा घ्या हिशेब! तसा काही नियम नव्हता हो. मी रिपोर्ट भरतो, कारण नाही भरला तर मॅनेजरचा मेल येतो...

आणि माझ्या आमदाराबद्दल मला काय माहीत आहे? वाढदिवसाची तारीख. चौकातल्या फ्लेक्सची कृपा.

परवा बाबांना म्हटलं, "पक्ष कुठलाही असो, असा अहवाल देणाऱ्यालाच मी मत देणार."

"मग घरीच बसशील," बाबा म्हणाले आणि भाजी पुढे सरकवली. गरम होती.