श्वासाचे माप

मोटारीच्या बॉनेटखाली वाकणाऱ्यांनी साहित्याच्या पानावर काय लिहावे, अशी शंका वाचकांस येईल. आम्हांसही ती आली होती. आम्हां उभयतांचे अर्धे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. उरलेले मिशिगनमधल्या रॉयल ओक या गावी चालले आहे. यंत्रांशी आमचा पूर्वीचा संबंध म्हणजे पुण्यातली चेतक. थंडीच्या सकाळी ती अंगावर तिरकी करायची, चोक ओढायचा आणि किक मारत राहायचे. त्या स्कूटरलाही कार्ब्युरेटर होता. पण तो निवडण्याची पाळी आमच्यावर कधी आली नव्हती.

इथे आली, ती 1969 सालच्या शेव्हरोले शेव्हेल मालिबूमुळे. मध्यम आकाराच्या अंगात भले मोठे इंजिन बसवलेल्या त्या काळच्या गाड्यांना मसल कार म्हणतात. आमची त्याच कुळातली. इंजिन 350 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 5.7 लिटरचे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडून ती घेतली तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्याने टायरच्या दुकानातल्या कमाईतून एक नवा कार्ब्युरेटर आणून बसवला. मिनिटाला 750 घनफूट हवा घेणारा, चार तोंडांचा, शर्यतीच्या गाड्यांना शोभणारा. आम्ही विचारले, "एवढा मोठा कशाला?" तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यात कधी मोठं काही घेतलंच नाही." वाद कार्ब्युरेटरवरून सुरू झाला आणि कॉलेज सोडण्यावर येऊन संपला. पुढल्या महिन्यात तो सिअ‍ॅटलला निघून गेला.

त्यानंतर गाडी वाईट चालत राहिली. सिग्नलला पाय दाबला की गचका बसे. कच्च्या पेट्रोलचा वास येई. प्लग काळे पडत. दुरुस्ती अवघड नव्हती. पण घरात त्याच्या हाताने केलेले ते शेवटचे काम होते, त्याला हात लावण्याचा धीर आम्हांस वर्षानुवर्षे झाला नाही.

गेल्या वसंतात मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब शाळकरी आहे. इंजिनाचे घनइंच आणि मिनिटाचे जास्तीत जास्त फेरे यांचा गुणाकार करून त्याला 3456 ने भागायचे; कारण घनफुटात 1728 घनइंच असतात आणि चार फटक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पुरता श्वास घेते. आमचे फेरे फार तर 5500. उत्तर आले 557. कोणतेही साधे इंजिन छाती पूर्ण भरून घेत नाही, म्हणून त्याचे 85 टक्के धरले, उरले 473. आणि आम्ही गाडी चालवतो ती वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, संध्याकाळी, रमतगमत. तिथे फेरे दोन हजारांच्या आसपास असतात. ऑगस्टमध्ये 1995 पासून जुन्या गाड्यांचा जो मेळा याच रस्त्यावर भरतो, त्या दिवशी तर गाडी नुसती सरकते.

मोठ्या तोंडाने बिघडते काय? कार्ब्युरेटरच्या आत एक गळा असतो. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि त्या ओढीने पेट्रोल नळीतून वर येऊन बारीक तुषारांत फुटते. गळा रुंद आणि हवा थोडी असली की ओढ मंदावते. पेट्रोलचे तुषार होत नाहीत, थेंब होतात. पत्रातला मजकूर दोन ओळींचा आणि भाषा महाकाव्याची, असे निबंध आम्ही पुष्कळ तपासले आहेत. त्यांतही असेच थेंब पडत.

एवढ्यावर 'लहान ते चांगले' असे म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. पण गॅरेजच्या माळ्यावर शेजाऱ्यांनी गाडीबरोबर दिलेला एक लाकडी खोका होता आणि त्यात गाडीचा मूळचा कार्ब्युरेटर: रॉचेस्टर क्वाड्राजेट. त्याची क्षमता पाहिली आणि आम्ही ओशाळलो. तीही 750 च्या घरातली! फरक तोंडांत होता. त्याची पहिली जोडी अरुंद, सुमारे 35 मिलिमीटरची. दुसरी ऐसपैस, 57 मिलिमीटरची. पहिल्या जोडीवर गाडी दिवसभर शांत चालते. पाय पूर्ण दाबला तरी दुसऱ्या जोडीवरची झडप इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढीच उघडते. मुलाच्या कार्ब्युरेटरात मात्र दुसरी जोडी दांडीने पायाशी बांधलेली. इंजिनाला गरज असो वा नसो, पाय दाबला की उघडणारी.

अकराव्या शतकात क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. ती आम्ही वर्गात अनेकदा समजावली. आम्हांस ती कळली त्या माळ्यावर. अलंकार मोठा असणे हा दोष नव्हे. तो जागा सोडून येणे हा दोष. मुलाचा 750 चा आकडा चुकला नव्हता. आणि आमचे 'एवढा मोठा कशाला' हे वाक्य तरी कुठे जागेवर आले होते?

जुना कार्ब्युरेटर काढण्याआधी त्याला फोन केला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही दोघं 'सांगितलं होतं ना' म्हणाल, म्हणून बोललो नाही." आम्ही ते म्हटले नाही. त्यानेच पुढे बजावले की, क्वाड्राजेटच्या भांड्याच्या तळची बुचे गळतात, ती आधी एपॉक्सीने बंद करा. आणि आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकेल असेच रबर घ्या. मधली जोडपट्टी काढल्यावर जुना कार्ब्युरेटर आपल्या जागी बरोबर बसला.

त्या संध्याकाळी आम्ही फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत गेलो. गचका बसला नाही. दुसरी जोडी एकदाही उघडावी लागली नाही. मुलाचा कार्ब्युरेटर तेलकट कापडात गुंडाळून त्याच लाकडी खोक्यात ठेवला आहे. ऑगस्टमध्ये येईन म्हणाला आहे. आला, की त्याचे काय करायचे ते त्यालाच विचारू.